तबकडी वाटा, पण नावासकट

साठ-सत्तरच्या दशकांतल्या एखाद्या विस्मरणात गेलेल्या सायकेडेलिक (धुंद, स्वप्नवत रॉक वाजवणाऱ्या) बँडची, किंवा चार पोरांनी पदरमोड करून काढलेली पाचशे प्रतींची पंक (वेगवान, खडबडीत, बंडखोर रॉकची) रेकॉर्ड कुणी डिजिटल करून चारचौघांत वाटली, की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ही चोरी आहे. दुसरा म्हणतो, संगीत सगळ्यांचं असतं आणि आम्ही नसतो तर हे केव्हाच मातीत गेलं असतं. दोन्हीकडून तीच ती वाक्यं ऐकू येतात, आणि ज्या तबकडीवरून वाद पेटला तिच्यावर वाजवणारे कोण होते हे विचारायचं सगळेच विसरतात. माझं म्हणणं असं आहे: बाजारात कुठल्याच रूपात मिळत नसलेली दुर्मीळ रेकॉर्ड वाटणं योग्य आहे, गरजेचंही आहे. मात्र ती वादकांची नावं, गाव, कंपनी, क्रमांक आणि मूळ प्रत कुठली याच्यासकट वाटली पाहिजे, आणि तिचा खरा धनी पुढे आला की त्याचा शब्द शेवटचा मानला पाहिजे. नाव गाळून वाटणं मला अक्षम्य वाटतं, मग त्यातून एक पैसाही कमावलेला नसला तरी.

चोरी म्हणणाऱ्यांचे दोन मुद्दे वजनदार आहेत आणि ते झटकून टाकता येत नाहीत. पहिला संमतीचा. विशीत केलेलं एखादं कच्चं ध्वनिमुद्रण सत्तरीत जगासमोर यावं की नाही, हे ठरवायचा अधिकार ते वाजवणाऱ्याचाच आहे. एका संग्राहकाच्या हाती योगायोगानं प्रत लागली म्हणून तो अधिकार त्याच्याकडे जात नाही. दुसरा मुद्दा पुनर्प्रकाशन करणाऱ्या छोट्या कंपन्यांचा. ही मंडळी वर्षानुवर्षं पत्ते शोधतात, करार करतात, टेप मिळवतात, वारसांशी बोलतात, आणि एवढं करून हजारभर प्रती काढतात. त्यांचा हिशेब इतका तंग असतो की दोनशे गिऱ्हाइकं फुकट फाइलवर समाधान मानून बसली तर पुढची रेकॉर्ड निघतच नाही. झांबियाच्या 'झॅमरॉक'चं उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकात तिथे फझ गिटारवर, म्हणजे मुद्दाम फाटका, खरखरीत केलेल्या गिटारच्या आवाजात, फार ताकदीचा रॉक वाजत होता. पुढे तांब्याचे भाव कोसळले, देश डबघाईला आला, आणि एड्सनं त्या पिढीतले कितीतरी वादक नेले. 'विच' या बँडचा गायक इमॅन्युएल 'जगारी' चांदा रत्नांच्या खाणीत काम करत होता. नाऊ-अगेन या कंपनीनं त्याच्याशी रीतसर व्यवहार करून जुन्या रेकॉर्डी पुन्हा काढल्या. त्यानंतर तो जगभर मैफली करू लागला आणि २०२३ मध्ये 'विच'चा नवा आल्बमही आला. एका माणसाला उतारवयात पुन्हा रंगमंच मिळाला, तो अशा चोख कामामुळे. हे काम बुडवणारी वाटणी मला मान्य नाही.

पण या मुद्द्यांमागे एक गृहीत आहे: आधी कंपनी येते, मग श्रोता. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं घडतं. डेट्रॉइटच्या हॅकनी भावांचा 'डेथ' हा बँड पाहा. १९७५ साली तीन कृष्णवर्णीय भावांनी असा वेगवान, धारदार रॉक मुद्रित केला, की आज तो पंकच्या आधीचा पंक म्हणून ओळखला जातो. बँडचं नाव बदला, अशी मोठ्या कंपनीची अट होती. थोरला भाऊ डेव्हिड बधला नाही. मग १९७६ मध्ये भावांनीच एक सिंगल, म्हणजे दोन गाण्यांची छोटी तबकडी, काढली, पाचशे प्रती. ती कुठे वाजली नाही, खपली नाही. डेव्हिड २००० साली गेला. त्या पाचशे प्रतींतल्या काही संग्राहकांच्या हाती लागल्या, कुणीतरी त्यांच्या फाइली केल्या, त्या हातोहात पसरल्या, आणि बॉबी हॅकनीच्या मुलाच्या कानावर एका पार्टीत आपल्याच वडिलांचा आवाज पडला. त्याआधी घरात त्याला याचा पत्ताच नव्हता. २००९ मध्ये ड्रॅग सिटी या कंपनीनं ती मुद्रणं आल्बम म्हणून काढली आणि बँड पुन्हा उभा राहिला. या साखळीतून विनापरवाना वाटलेली फाइल काढून टाका. मग काय उरतं? पोटमाळ्यावरच्या टेपा आणि काही मोजक्या कपाटांतल्या महागड्या तबकड्या.

शिवाय रीतसर विक्री म्हणजे कलाकाराला न्याय, हे समीकरण तरी कुठे खरं ठरलं आहे? रॉड्रिगेझ या अमेरिकी गायकाचा १९७० चा 'कोल्ड फॅक्ट' हा आल्बम दक्षिण आफ्रिकेत दुकानांतून उघडपणे विकला जात होता, घराघरांत वाजत होता. डेट्रॉइटमध्ये मजुरी करणाऱ्या रॉड्रिगेझला ना त्याचे पैसे मिळाले, ना आपण तिकडे प्रसिद्ध आहोत ही बातमी. ती बातमी त्याच्यापर्यंत पोचवली चाहत्यांनी, गाण्यांतले गावांचे उल्लेख आणि कव्हरवरची नावं पकडून शोध घेत. १९९८ साली तो तिकडे गायला गेला. कव्हरवर नावं नसती तर त्या शोधाला धागाच मिळाला नसता.

इथेच दुसऱ्या तटाशी, 'संगीत सगळ्यांचं' म्हणणाऱ्यांशी, माझं भांडण सुरू होतं. १९९६ मध्ये अमेरिकेत 'कंबोडियन रॉक्स' नावाचा संग्रह निघाला. एका पर्यटकानं कंबोडियात विकत घेतलेल्या कॅसेटांवरून तो तयार केला होता. साठ-सत्तरच्या दशकांतला अफाट सुंदर ख्मेर, म्हणजे कंबोडियन, रॉक: सर्फ गिटार, फारफिसा हा छोटा इलेक्ट्रिक ऑर्गन आणि त्यावर तरंगणारा बाईचा उंच आवाज. जगभरच्या श्रोत्यांना त्यानं वेड लावलं आणि त्याबद्दल त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. पण त्या संग्रहावर एकाही गायकाचं, एकाही गाण्याचं नाव नव्हतं. गाणारी माणसं अनाम नव्हती हो! सिन सिसामुत, रोस सेरेईसोथिया आणि पान रॉन हे त्या देशातले सर्वांत लाडके आवाज होते, रस्त्यावरच्या कुठल्याही प्रौढ ख्मेर माणसानं चुटकीसरशी ओळखले असते. यातलं कुणीही ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या १९७५ ते १९७९ च्या नरसंहारी राजवटीतून वाचलं नाही. ज्यांना ठरवून संपवण्यात आलं त्यांचा आवाज घ्यायचा आणि नाव विचारायचे कष्टही घ्यायचे नाहीत, याला सांस्कृतिक सेवा कसं म्हणायचं? पुढे परागंदा झालेल्या ख्मेर कुटुंबांनी आणि चिकाटीच्या संग्राहकांनी एकेक गाणं ओळखून नावं परत जागेवर बसवली. तेव्हा लक्षात आलं की बाजारातल्या कितीतरी कॅसेटांवर मूळ मुद्रणात नंतर ड्रम मशीन मिसळलेलं आहे, वेग बदललेला आहे. स्रोत नोंदवलेला नसला की अशी भेसळच मूळ म्हणून पुढे जात राहते.

हा प्रश्न नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीसह छापू लागले तेव्हा असेच दोन तट होते. घराण्याची चीज हे घराण्याचं धन. ते पुस्तकात घालून चव्हाट्यावर मांडायचं म्हणजे काय, असा राग होता, आणि त्यात तथ्यही होतं, कारण त्या चिजांवर खरोखर लोकांची पोटं होती. तरीही आज त्यांची क्रमिक पुस्तकमालिका नसती तर किती बंदिशी शेवटच्या जाणकाराबरोबर सरणावर गेल्या असत्या? पण त्या काळी एक सोय होती. बंदिशीच्या शब्दांतच 'सदारंग', 'मनरंग' अशी मुद्रा गुंफलेली असे, अभंगाच्या शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' असे. मजकूर शंभर हातांतून गेला तरी कर्त्याचं नाव त्याच्यासोबत जाई. गॅरेजमधल्या बँडनं गाण्यात स्वतःचं नाव गुंफलेलं नसतं. त्याची मुद्रा असते लेबलवर, कव्हरच्या मागच्या बाजूला आणि आतल्या पत्रकावर. आवाज घेऊन हे कागद मागे टाकले, की मुद्रा गेली.

आणि पंकपुरतं बोलायचं तर नावं, पत्ते, हिशेब छापणं हा त्या चळवळीचा धर्मच होता. बझकॉक्स या इंग्लिश बँडनं जानेवारी १९७७ मध्ये स्वतः काढलेल्या 'स्पायरल स्क्रॅच' या रेकॉर्डच्या कव्हरवर कोणतं गाणं कितव्या टेकचं, म्हणजे कितव्या प्रयत्नाचं, आणि त्यात नंतर काय भरलं, हे छापलं आहे. स्क्रिटी पोलिटी या बँडनं १९७८ च्या सिंगलवर मुद्रण, मास्टरिंग, छपाई, लेबलं यांचा खर्च मांडला, म्हणजे वाचणाऱ्यानं उद्या आपली रेकॉर्ड काढावी. अशा रेकॉर्डची फाइल कव्हराशिवाय वाटणारा निम्मी रेकॉर्ड फेकून देतो. लेनी के या गिटारवादक-लेखकानं १९७२ साली इलेक्ट्रा कंपनीसाठी 'नगेट्स' हा दोन तबकड्यांचा संग्रह केला, तेव्हा सत्तावीस गाण्यांचे परवाने घेतले गेले आणि त्यानं प्रत्येक गाण्यावर टिपण लिहिलं. विस्मरणात चाललेल्या गॅरेज बँडना त्या एका संग्रहानं इतिहासात जागा दिली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून निघालेल्या 'किल्ड बाय डेथ' या मालिकेनं दुर्मीळ पंक सिंगल गोळा केल्या, पण वादकांना न विचारता, विकण्यासाठी. तीही मी मोलाची मानतो, कारण तिच्यामुळे शेकडो बँड ऐकले गेले. मात्र विकणं आणि वाटणं यांत मी ठाम रेषा ओढतो. न विचारता पैसे घेतले की संवर्धनाची सबब संपली.

आता काम नीट करायचं म्हणजे काय करायचं, ते तपशिलात सांगायला हवं, कारण वादात हा भाग कुणीच बोलत नाही आणि निम्मं नुकसान इथेच होतं. दुर्मीळ तबकडी पुष्कळदा एकदाच हाती येते. ती आधी धुवायची ती शुद्ध केलेल्या पाण्यानं, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं; नळाच्या पाण्यातले क्षार खोबणीत बसतात आणि नव्या खरखरीचं कारण होतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ठेवलेल्या तबकडीवर पांढरी बुरशी धरते, ती सुईखाली रगडली गेली तर कायमची आत जाते, म्हणून न धुता एकदाही वाजवायची नाही. लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, ती विरघळते. साठच्या दशकातल्या कितीतरी अमेरिकी सिंगल व्हिनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या असतात: कडक, ठिसूळ, झिजक्या सुईनं दोन-चार वाजवण्यांत खलास होणाऱ्या. त्यांच्यासाठी नवी सुई, बेताचा भार आणि पहिल्याच वाजवणीत मुद्रण, हे पथ्य पाळावंच लागतं.

वेग तपासायला स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की विजेच्या दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात ती) वापरतात, तिथे आपल्याकडे एक हमखास चूक होते. अमेरिकी चकती ६० हर्ट्झच्या विजेसाठी असते. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगाला तिच्यावर २१६ रेघा असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १८० रेघांची चकती लागते. चुकीच्या चकतीवर भरवसा ठेवला तर सगळा आल्बम भलत्याच पट्टीत जातो, आणि मग गाणं कुठल्या सुरात होतं यावर लोक वाद घालत बसतात. मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर करावं. मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते, म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्याला शंभरच्या आसपास. फ्लॅक या फाइल-प्रकारात दाबलं की बरीच कमी होते आणि आवाजाचा कणही जात नाही. पातळी ठेवताना सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण माथा कापला गेला की तो नंतर कशानंही जोडता येत नाही. मोनो तबकडीचे दोन्ही चॅनल डोळे झाकून एकत्र करू नयेत. खोबणीच्या दोन भिंतींपैकी एक जास्त झिजलेली असू शकते. दोन्ही वेगवेगळ्या ऐकून जी स्वच्छ ती घ्यावी.

सगळ्यात मोठी नासाडी होते ती 'साफ' करण्याच्या हौसेनं. टिकटिक काढणारं सॉफ्टवेअर आवाजातली अचानक उसळी पाहतं. फझ गिटारची काटेरी कड आणि झांजेचा पहिला आघात त्याला तबकडीवरचा ओरखडाच वाटतो. आपोआप चालणाऱ्या सेटिंगवर सोडलं तर गॅरेज रॉकमधला गॅरेज निघून जातो आणि उरतो तो कापसात गुंडाळलेला आवाज. म्हणून मूळ मुद्रण हात न लावता बाजूला ठेवायचं, ओरखडे एकेक पाहून प्रतीवर काढायचे, आणि दोन्हींवर कोणतं काय ते लिहायचं. १२८ केबीपीएसची एमपीथ्री करून मूळ फाइल पुसून टाकणं हा गुन्हा समजावा. झांजा त्यात पाण्याखाली वाजल्यासारख्या ऐकू येतात आणि तीच फाइल पुढे पुन्हा पुन्हा दाबली जाते.

मग कागद. लेबलच्या दोन्ही बाजू, कव्हर पुढून-मागून, आतलं पत्रक. एलपीचं कव्हर साध्या स्कॅनरवर मावत नाही, चार तुकड्यांत घेऊन जोडावं लागतं, तेवढा खटाटोप करावा. शेवटच्या खोबणीनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिरप्या उजेडात टिपावा, कारण मूळ प्रत आणि नंतरची बनावट यांतला फरक पुष्कळदा तिथेच कळतो. नावं, गीतकार, कंपनी, क्रमांक, साल, कुठल्या प्रतीवरून कुठल्या सुईनं मुद्रण केलं, हे सगळं फाइलच्या आतल्या टॅगमध्ये भरावं. फोल्डरचं नाव दुसऱ्याच दिवशी बदललं जातं. आणि जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असंच लिहावं. अंदाजानं टाकलेलं साल दहा जणांनी उचललं की ते पुरावा होऊन बसतं. मुंबईत १९९० पासून काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी ७८ च्या तबकड्यांबाबत क्रमांकागणिक याद्या करण्याची जी शिस्त घालून दिली, तीच रॉकलाही लावता येते.

'पण कायदा?' असं विचारलं जाईल, आणि विचारलंच पाहिजे. कायद्याला हा प्रश्न कळत नाही, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत २०१८ च्या संगीत कायद्यानं १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या मुद्रणांसाठी एक वाट ठेवली आहे: ते मुद्रण बाजारात कुठे मिळतं का याचा प्रामाणिक शोध घ्यायचा, कॉपीराइट कार्यालयात नोटीस दाखल करायची, ९० दिवस थांबायचं, आणि हक्कदारानं हरकत घेतली नाही तर बिनव्यापारी वापर करता येतो. युरोपात २०११ साली मुद्रणांचा हक्क ५० वर्षांवरून ७० वर नेताना एक अट घातली गेली. पन्नास वर्षांनंतरही कंपनी पुरेशा प्रती उपलब्ध करत नसेल, तर कलाकार नोटीस देऊन वर्षभरानं करारच मोडू शकतो. आपल्या १९५७ च्या कायद्यातलं कलम ३१-ए सांगतं की कर्ता मृत किंवा अज्ञात असेल, वा हक्कदार सापडत नसेल, तर प्रकाशनाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. पन्नास श्रोत्यांच्या रेकॉर्डसाठी एवढा खर्च कोण करणार, ही अडचण खरी आहे. तरीही या तिन्ही तरतुदींचा गाभा एकच आहे: शोधा, जाहीर करा, थांबा, हरकत आली तर मागे घ्या. वाटणाऱ्यानं निदान हा क्रम तरी स्वतःहून पाळावा. बँडमधल्या कुणी 'काढून टाका' म्हटलं तर कारण न विचारता काढावं. अधिकृत आवृत्ती आली तर आपली फाइल हटवून तिचा पत्ता द्यावा. जी गोष्ट कायदा करायला लावतो ती आपणहून करणाऱ्याला चोर म्हणणं अवघड जातं, आणि ती न करणाऱ्याला संवर्धक म्हणणं त्याहून अवघड.

हे सगळं आपल्या दाराशी आहे म्हणून इतकं लिहिलं. १९७० आणि १९७१ मध्ये सिगारेटच्या प्रायोजकत्वाखाली झालेल्या 'सिमला बीट' या रॉक बँडच्या अखिल भारतीय स्पर्धांच्या दोन एलपी निघाल्या. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, बंगळूरचे डायनोसॉर्स, मुंबईचे व्हेल्व्हेट फॉग: देशभरातली विशीतली पोरं त्यांवर ऐकू येतात. जर्मनीतून त्या पुन्हा निघाल्या आणि तिकडच्या संग्राहकांना त्यांचं वेड आहे. आपल्याकडे त्या वादकांची पूर्ण यादी पाठ असणारा माणूस विरळा. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९७० ची तबकडी २०३० च्या अखेरीस मोकळी होईल आणि १९७१ ची २०३१ च्या. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तेव्हा वीस वर्षांचा असलेला गिटारवाला त्या दिवशी ऐंशीचा असेल. गिटार कुणाची होती, फझ पेडल विकत आणलेलं की घरी जोडलेलं, गाणं कुणी रचलं, मुद्रण किती वेळात उरकलं, टेप शेवटी कुणाच्या कपाटात पाहिली, फाइल पुढे जाऊ द्यायला त्याची हरकत आहे का: हे विचारायला २०३० उजाडायची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.